गडचिरोलीचा हवामान आराखडा : खाणीचा आणि पाण्याचा हिशेब एकाच वहीत मांडला पाहिजे

वैनगंगाकाठ (धागालेखक)

हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा राज्यस्तरीय कृती आराखडा महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वीकारला. टेरी या संस्थेने ब्रिटनच्या हवामान कार्यालयाच्या साहाय्याने केलेला अभ्यास त्याचा आधार होता. पुढे २०२० मध्ये माझी वसुंधरा अभियान सुरू झाले आणि २०२२ मध्ये मुंबईचा स्वतंत्र आराखडा आला. गडचिरोलीचा आराखडा होईल तेव्हा तो कशाला एकक मानून करावा आणि त्यात खाणींना कोठे स्थान द्यावे, या दोनच प्रश्नांवर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा असून त्यातील सुमारे ७० टक्के भूभाग वनाच्छादित आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचा वाटा जवळजवळ ३९ टक्के होता. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरावर ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा खाणपट्टा २००७ मध्ये देण्यात आला, परंतु खरे उत्खनन २०२१ नंतर सुरू झाले. वार्षिक ३० लाख टनांची मर्यादा २०२३ मध्ये एक कोटी टनांवर गेली, आणि २०२५ मध्ये कमी प्रतीच्या खनिजाच्या शुद्धीकरण प्रकल्पासाठी ९३७ हेक्टर वनजमीन वळती करण्यास केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली, ज्यात सुमारे १ लाख २३ हजार झाडे तोडली जाणार आहेत. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे कारखाना उभा राहिला आहे, आणि जिल्हा पोलादाचे केंद्र होणार असे शासन सांगत आहे. कोरची तालुक्यातील झेंडेपारच्या टेकडीवरही खाणीचा प्रस्ताव आहेच.

आता हवामान आराखड्यांचा नेहमीचा साचा पाहा. जंगल वनविभागाच्या प्रकरणात ‘कर्बसाठा’ म्हणून येते, पूर आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रकरणात येतो, धान कृषी विभागाकडे जाते, आणि खाणी उद्योग विभागाच्या अखत्यारीत असल्यामुळे त्यांचा उल्लेखच होत नाही. प्रत्यक्षात या चारही गोष्टींना जोडणारे पाणी एकच आहे. डोंगरमाथ्यावर मुरलेले पाणी नाल्याला येते, नाल्याचे नदीला मिळते, नदीकाठच्या बांध्यांत (पाळी घातलेल्या शेतांत) धान उभे असते. माथा खणला, तर त्याचा परिणाम कोणत्या विभागाच्या प्रकरणात नोंदवायचा?

लोहखनिजाच्या डोंगरांचा सच्छिद्र माथा पावसाचे पाणी धरून ठेवतो, हे गोव्याने महाग किंमत मोजून अनुभवले आहे. तेथे खाणींचे खड्डे भूजलपातळीच्या खाली गेले, त्यांतले पाणी पंपांनी उपसावे लागले आणि आसपासच्या गावांतील विहिरी व झरे आटल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण बैलाडिल्याचे आहे. बस्तरमधील त्या डोंगरांत १९६८ पासून खाणकाम चालू आहे, त्यातील लोहकणांनी शंखिनी नदीचे पाणी लाल झाले, आणि ती नदी ज्या इंद्रावतीला मिळते तीच इंद्रावती पुढे भामरागडला येते. म्हणजे आपण एका खाणक्षेत्राच्या खालच्या अंगाला आधीपासूनच राहतो आहोत.

पुराचेही असेच आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे सर्व दरवाजे उघडल्यावर वडसा, आरमोरी, चामोर्शीपर्यंत वैनगंगेने जे नुकसान केले, त्याला केवळ जिल्ह्यातला पाऊस कारण नव्हता. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुका गोदावरीच्या पुरात सापडला, आणि तेथील शेतकरी तेलंगणाने गोदावरीवर बांधलेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्याबद्दल २०१९ पासून सतत सांगत आहेत. त्याच बंधाऱ्याचे खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा चढली की शेकडो गावांचा संपर्क तुटतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यामुळे भंडारा, बस्तर आणि तेलंगणा यांना वगळून केलेला गडचिरोलीचा आराखडा कागदावर कितीही नेटका दिसला, तरी पुराच्या दिवशी उपयोगाचा ठरणार नाही.

माझा प्रस्ताव असा आहे की आराखड्याचे एकक तालुका नसावे. ग्रामसभांचे सामूहिक वनहक्क क्षेत्र (वनहक्क कायद्याने गावाकडे आलेले जंगल) आणि ते ज्या नाल्याच्या पाणलोटात येते तो पाणलोट, या दोहोंच्या आधारे तो खालून वर बांधला जावा, आणि प्रत्येक खाणपट्ट्याचा पाणीवापर, पाण्याचा उपसा आणि गाळ त्याच पाणलोटाच्या हिशेबात दाखवला जावा. जाणकारांनी यातील उणिवा जरूर दाखवाव्यात.

बांधीतले धान

मी आरमोरी भागातला शेतकरी आहे. धागा योग्य वेळी काढलात, आभार.

खाण आमच्यापासून दूर आहे, म्हणून आमच्याकडे हवामान बदलाची चर्चा केवळ रोवणीपुरती होते. जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे येथे पाण्याची अडचण नाही असे बाहेरच्यांना वाटते. अडचण पावसाच्या वाटणीची आहे. पऱ्हे (रोवणीसाठीची धानाची रोपे) टाकल्यावर पंधरा-पंधरा दिवस उघडीप पडते, पऱ्हे पिवळे होतात, मग एकदम असा पाऊस येतो की बांध्यांच्या पाळी फुटतात. रोवणी ऑगस्टच्या मध्यावर गेली की उत्पन्न घटते आणि कापणीच्या वेळी ढगाळ हवा राहिली तर तुडतुडा येतो. पुष्कळ जण रोवणी सोडून पुन्हा आवत्याकडे, म्हणजे बी थेट बांधीत फेकून पेरण्याकडे, वळत आहेत. त्यात मजुरी वाचते, पण तण वाढते.

आराखड्यात मामा तलावांचे नाव ठळकपणे यावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी (जुनी जमीनदारी) गेल्यावर त्यांची मालकी शासनाकडे आली आणि देखभालीची जुनी व्यवस्था मोडली. गाळ साचला, पाळीवर झुडपे वाढली, येव्यावर (तलावात पाणी येण्याच्या वाटेवर) अतिक्रमणे झाली. अतिवृष्टी धरून ठेवणे आणि उघडिपीत पाणी पुरवणे ही दोन्ही कामे हे तलाव करू शकतात, आणि ढिवर बांधवांची मासेमारीही त्यांच्यावरच चालते. नव्या बंधाऱ्याला जितका निधी मिळतो त्याच्या थोड्या भागात कितीतरी तलावांचा गाळ निघेल. केवळ गाळ काढून मात्र भागणार नाही, कारण वरचे जंगल तुटले तर गाळ पुन्हा भरतो. त्यामुळे पाणलोट एकक धरावा हे मला पटते.

लोहरस

मी पोलाद उद्योगात काम केलेला अभियंता आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. देशाला पोलाद लागणार आहे. सौर पटलांचे सांगाडे, पवनचक्क्यांचे मनोरे, रेल्वे, पूल यांपैकी काहीही लोखंडावाचून होत नाही. जिल्ह्यात मोठा उद्योग कधीच नव्हता आणि तरुणांना तेलंगणात मिरची तोडायला जावे लागत होते, हेही विसरू नये.

धागालेखकांच्या मांडणीत एक गोष्ट राहिली आहे, ती आकड्यांनी सांगतो. भारतातील वनांत हेक्टरी सरासरी सुमारे १०० टन कर्ब असतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक मातीत असतो. ९३७ हेक्टरांतील सगळाच्या सगळा कर्ब हवेत गेला असे मानले, तरी ते साडेतीन लाख टनांच्या आत कार्बन डायऑक्साइड होते. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वर्षाला दहा लाख टन पोलाद करणारा मध्यम कारखाना दरवर्षी २५ लाख टन सोडेल, आणि त्या जंगलातील सर्व कर्ब त्याच्या जेमतेम पन्नास दिवसांच्या धुराएवढा ठरेल.

म्हणून कर्बाच्या दृष्टीने खरा प्रश्न कारखाना कशावर चालणार हा आहे. चंद्रपूरचा कोळसा जवळ असल्यामुळे येथे कोळशावरचे स्पंज आयर्न (खनिज न वितळवता केलेले कच्चे लोखंड) सोपे वाटते. परंतु युरोपने आयात मालावरची सीमेवरील कर्ब आकारणी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू केली आहे आणि भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे, तेव्हा आज उभारलेली कोळशाची भट्टी पुढची तीस वर्षे गळ्यात अडकणार आहे. जिल्ह्याच्या आराखड्यात खाणीपेक्षा भट्टीला अधिक जागा द्यावी, असे मला वाटते.

वैनगंगाकाठ (धागालेखक)

लोहरस, आपला हिशेब मोलाचा आहे, आणि मला वाटते की त्यातून माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. जंगलाचे मोजमाप केवळ कर्बात केले, तर ९३७ हेक्टर ही कारखान्याच्या पन्नास दिवसांची किरकोळ बाब ठरते, आणि तेवढा कर्ब दुसऱ्या जिल्ह्यात रोपे लावून ‘भरून काढता’ येतो. पर्यायी वनीकरणाची सगळी व्यवस्था याच समजुतीवर उभी आहे. एटापल्लीतल्या नाल्याचे पाणी, मोहाची फुले आणि उन्हाळ्यातली सावली मात्र दुसऱ्या जिल्ह्यात लावलेल्या रोपांनी परत येत नाही. उत्सर्जन कमी करण्याचा आराखडा आपण म्हणता तसा भट्टीपासून सुरू व्हावा, तर जुळवून घेण्याचा आराखडा डोंगरमाथ्यापासून. आजवर पहिल्याच्या मापाने दुसरा मोजला जात आला आहे.

आपल्याला एक तांत्रिक प्रश्न विचारतो. कमी प्रतीच्या खनिजाच्या शुद्धीकरणात मागे उरणारा गाळ किती असतो?

लोहरस

पट्टेदार हेमॅटाइट क्वार्ट्झाइट या कमी प्रतीच्या खनिजात लोहाचे प्रमाण साधारण ३५ ते ४० टक्के असते आणि ते ६० टक्क्यांच्या पुढे न्यायचे असते, त्यामुळे दळलेल्या खनिजातला निम्मा किंवा त्याहून अधिक भाग गाळ म्हणून मागे राहतो. हा गाळ अत्यंत बारीक असतो आणि बांध घालून साठवावा लागतो. त्या बांधाचा सांडवा मागील पन्नास-शंभर वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून ठरवतात. अतिवृष्टी वाढत असेल तर जुन्या नोंदींवरचा सांडवा अपुरा पडू शकतो. ही बाब हवामान आराखड्यात असायला हवी, हे मी मान्य करतो. गाळ कोरडा करून रचण्याची पद्धतही आता उपलब्ध आहे. ती खर्चिक असली तरी तिच्यात पाणी पुन्हा वापरता येते आणि बांध फुटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. इतक्या पावसाच्या प्रदेशात ती अटच असावी.

कोरचीची वाट

मी उत्तर गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करते. आराखडा खालून वर बांधण्याची कल्पना चांगली आहे, परंतु ती शून्यातून सुरू करायची नाही, हे आधी सांगते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातील तेराशेहून अधिक ग्रामसभांचे सामूहिक हक्क मान्य झाले आहेत. अनेक ग्रामसभांनी व्यवस्थापन आराखडे केले आहेत, त्यांत कोणत्या भागात चराई बंद, कोठे आगीची रेषा काढायची, कोणत्या नाल्यावर दगडी बांध घालायचे हे लिहिलेले असते. जिल्ह्याच्या हवामान आराखड्याची पहिली पाने तेथेच आहेत. त्यांना कोणी ‘हवामान’ असे शीर्षक दिलेले नाही, एवढाच फरक आहे.

तेंदूचे उदाहरण घ्या. मे महिन्यात पहाटे पाने तोडायची, दुपारी घरी सत्तर पानांचा एक असे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) द्यायचे, यावर कुटुंबाची पावसाळ्याची तजवीज अवलंबून असते. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की पान डागाळते आणि वाळत घातलेले पुडे भिजतात. मग व्यापारी उचल करण्यास टाळाटाळ करतो. लिलावाचा करार ग्रामसभेचा असला, तरी हवामानाचा धोका पूर्णपणे तोडणाऱ्याच्या डोक्यावर असतो. धानाला पीकविमा आहे, तेंदूला आणि मोहाला तशी कोणतीच व्यवस्था नाही. तसेच मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची सवय आहे. उन्हाळा तीव्र होत असताना तीच आग जंगलात पसरते. काही गावांनी झाडाखाली जाळी बांधून मोह गोळा करणे सुरू केले आहे, त्यात आग लावावी लागत नाही आणि मोह स्वच्छ मिळून भावही बरा येतो. आराखड्यात अशा गोष्टींना पैसा मिळाला पाहिजे.

पैशाचाही विचार करू. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीत, त्याआधीच्या खाणपट्टाधारकाने स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के रक्कम भरायची असते. लोहखनिजाचे स्वामित्वधन सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के आहे, म्हणजे प्रतिष्ठानाचा वाटा मूल्याच्या साडेचार टक्के होतो. टनाला चार हजार रुपये मूल्य मानले, तर टनामागे १८० रुपये, आणि एक कोटी टनांमागे १८० कोटी. हा निधी रस्ते आणि इमारतींत संपू नये. त्याचा ठरावीक भाग पाणलोटानुसार ग्रामसभांच्या खात्यात जावा आणि खर्च त्यांच्या व्यवस्थापन आराखड्यानुसार व्हावा. बाधित गाव कोणते, हेही खाणीपासूनच्या अंतरावरून ठरवू नये. बाधित गावे नाल्याच्या प्रवाहाच्या दिशेने ठरवावीत, कारण धूळ वाऱ्याने जाते आणि गाळ पाण्याने.

नवा वाचक, पुणे

चर्चा वाचून बरेच समजले. परंतु ग्रामसभेने आराखडा केला आणि शासनाने खाणीला परवानगी दिली, तर कायद्याने कोणाचे चालते?

कोरचीची वाट

आपला प्रश्न अगदी मर्मावर आहे. वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ५ ने जंगल, जैवविविधता आणि पाणलोट क्षेत्र यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ऑगस्ट २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळती करण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक केली. ओडिशातील नियमगिरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये हा विषय ग्रामसभांपुढे पाठवला आणि बाराही पल्लीसभांनी (तेथील गावपातळीच्या ग्रामसभांनी) बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, तो टिकला. परंतु २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मान्यतेआधी संमतीची खातरजमा करण्याची अट काढून ती जबाबदारी राज्याकडे ढकलली, म्हणजे संमतीचा प्रश्न निर्णय जवळजवळ झाल्यानंतर येतो. सूरजागड इलाख्यातील सत्तर गावांची ठाकूरदेवाची यात्रा दरवर्षी जानेवारीत भरते, आणि तेथील ग्रामसभा आपले म्हणणे वर्षानुवर्षे ठरावांतून मांडत आल्या आहेत. असा ठराव परवानगीच्या फाइलमध्ये कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या वजनाने जोडला जातो, हे हवामान आराखड्यात लिहून ठेवले नाही, तर आपण येथे सुचवलेले बाकीचे सर्व सल्ला म्हणूनच उरेल.

दवाखान्याच्या दारी

आरोग्याचा मुद्दा अद्याप आलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. राज्यातील हिवतापाचे मोठे ओझे हा जिल्हा वाहतो. डासांची पैदास आणि त्यांच्या शरीरातील परजीवीची वाढ तापमान व पाण्यावर अवलंबून असल्यामुळे लांबलेला पाऊस आणि उबदार हिवाळा म्हणजे आजाराचा लांबलेला हंगाम. खाणीचे सोडून दिलेले खड्डे आणि रस्त्यांच्या कडेचे पाणी ही नवी पैदासस्थाने आहेत. तेंदूचा हंगाम ऐन उष्णतेच्या लाटेत येतो, तेव्हा फळीवर सावली, पिण्याचे पाणी आणि क्षारद्रावण ठेवणे व तोडणीच्या वेळा ठरवणे हे जिल्ह्याच्या उष्णता कृती आराखड्यात यावे. शहरांसाठी केलेल्या उष्णता आराखड्यांत जंगलात काम करणारी बाई कोठेही दिसत नाही. पर्लकोटेपलीकडच्या गरोदर मातांना पुराआधी रुग्णालयाजवळ आणून ठेवण्याची व्यवस्थाही याच आराखड्याचा भाग व्हावी.

बांधीतले धान

डॉक्टरसाहेबांशी सहमत आहे. धागालेखकांना विचारतो, पाणलोटाचा हिशेब ठेवायचा म्हणजे गावाने नेमके काय मोजायचे? आमच्याकडे यंत्रे नाहीत.

वैनगंगाकाठ (धागालेखक)

सुरुवातीला तीनच गोष्टी मोजाव्यात. गावात साधे पर्जन्यमापक ठेवून दररोज सकाळी साडेआठला पाऊस नोंदवावा, कारण तालुक्याच्या ठिकाणचा आकडा डोंगरापलीकडच्या गावाला लागू पडत नाही आणि नुकसानभरपाई मात्र त्याच आकड्यावर ठरते. दुसरे म्हणजे दोन-तीन ठरलेल्या विहिरींची पाण्याची पातळी दोरीने, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, तसेच उन्हाळ्यात दर महिन्याला. तिसरे म्हणजे नाल्याची धार कोणत्या तारखेला तुटली आणि त्या वर्षी पाण्याचा रंग कसा होता. या नोंदी ग्रामसभेच्या इतिवृत्तात ठरावासह घ्याव्यात, म्हणजे त्या ग्रामसभेचा अधिकृत अभिलेख होतात आणि जनसुनावणीत मांडता येतात. खाणपट्टाधारकाने पर्यावरण मंजुरीच्या अटींनुसार दर सहा महिन्यांनी जे अनुपालन अहवाल द्यायचे असतात, ते ग्रामसभेने मराठीत मागून घ्यावेत आणि त्यांतील पाण्याचे आकडे आपल्या नोंदींशेजारी लिहावेत.

ज्या पाणलोटात अजून खाण सुरू झालेली नाही, तेथे या नोंदी येत्या जूनपासूनच सुरू व्हाव्यात. खणण्याआधीची स्थिती नंतर मोजता येत नाही. कोरचीच्या ताईंनी त्यांच्या भागातील एखाद्या ग्रामसभेच्या नोंदवहीचा नमुना येथे दिला, तर आरमोरी आणि एटापल्लीकडच्या वाचकांना तोच वापरता येईल.

कोरचीची वाट

नमुना देते, फक्त ग्रामसभेची परवानगी घेऊन. पुढच्या बैठकीत विषय ठेवला आहे. त्यात आणखी एक रकाना आम्ही जोडणार आहोत : मोह कोणत्या तारखेला गळू लागला आणि तेंदूला पालवी कधी फुटली. गावातील जुन्या माणसांना मागील वर्षांचे अंदाज आहेत, तेही वेगळ्या पानावर, अंदाज असे स्पष्ट लिहून, नोंदवून घेऊ.